पिकअपचा ट्रान्स्फर केस घरी उघडावा का?

सप्रेम नमस्कार,

घाटंजी तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. २०१२ सालची फोर बाय फोर पिकअप आपण चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. आता फोर बाय फोर टाकले की खालून कटकट आवाज येतो, रिव्हर्स टाकताना दणका बसतो आणि ताशी पन्नासच्या वर गाडी थरथरते. नागपूरच्या एका गॅरेजने एक फेरी मारून ट्रान्स्फर केस (इंजिनची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी पेटी) गेल्याचे सांगितले आणि ६४,००० रुपयांचा अंदाज दिला. त्याऐवजी २८,००० ची अवजारे आणि २१,००० चे सुटे भाग घेऊन सगळे काम घरीच करावे, असा आपला विचार आहे. बँकेत ८५,००० रुपये आहेत आणि त्यांतील ६०,००० खरिपाच्या बियाण्याला व खताला लागणार आहेत.

कागदावर १५,००० रुपये वाचतात, हे खरे आहे. परंतु मोकळे पैसे फक्त २५,००० आहेत. म्हणजे ४९,००० चा हा बेत पेरणीच्या रकमेतून २४,००० रुपये काढल्याशिवाय पुरा होत नाही, आणि तेही गाडीचे नेमके काय बिघडले आहे हे कोणीही तपासलेले नसताना. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. क्रॉस (शाफ्टच्या जोडातला फुलीसारखा भाग), सील आणि ऑइल यांचे काम आपण घरी अवश्य करावे. ट्रान्स्फर केस मात्र घरी उघडू नये, आणि त्यावर एक रुपयाही खर्च करण्याआधी तो खरोखर खराब आहे का, हे पाहून घ्यावे.

मी मेकॅनिक नाही. म्हणून आपले पत्र मी यवतमाळच्या एका जुन्या मिस्त्रींसोबत बसून वाचले. त्यांचे बोट ज्या दोन वाक्यांवर थांबले, ती आपण जाता जाता लिहिली होती: गेल्या दिवाळीत मागचे दोनच टायर नवे टाकले, आणि पांदण संपून डांबरी रस्ता लागला तरी घरी येईपर्यंत फोर बाय फोर काढत नाही. अशा गाडीत फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे फिरते दांडे) एकाच वेगाने फिरण्यास बांधले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर नव्यापेक्षा कमी असतो. काळ्या मातीच्या गाऱ्यात चाके थोडी घसरतात आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, शाफ्टमध्ये ताण साचत जातो आणि कटकट करत सुटतो. तेव्हा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: फोर बाय फोर फक्त चिखलात वापरा. मागच्यांतला एक टायर पुढे टाकण्याची चूक मात्र करू नका; एकाच एक्सलवर दोन मापे आली तर तेथील डिफ्रन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, झिजते. पुढचे दोन्ही टायर कापूस विकल्यानंतर बदला.

दणका आणि थरथर टू-व्हीलमध्येही, म्हणजे फोर बाय फोर काढलेले असतानाही, जाणवते, असे आपण लिहिले आहे, आणि ते मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे बोट दाखवते. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, गिअर न्यूट्रल करा आणि शाफ्ट हाताने वर-खाली हलवून व पिळून पाहा. जोडात किंचितही खेळ जाणवला तर क्रॉस संपला आहे. तो काढल्यावर त्याच्या टोपीत बेअरिंगच्या चकचकीत सुयांऐवजी तांबूस भुकटी निघाली, तर थरथर कुठून येत होती हे डोळ्यांनीच दिसेल. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लॅन्जवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) रंगाची खूण करा, कारण तो मूळ जागी बसला नाही तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरत राहते. मागचा शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवली तरी जागी थांबत नाही, घरंगळू शकते. ओंडके आणि स्टँड यांवर काटकसर करू नका, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.

यानंतर ट्रान्स्फर केसचे ऑइल काढा. आधी भरण्याचा बोल्ट सैल करून पाहा आणि मगच खालचा सोडा, नाहीतर ऑइल निघून जाते आणि वरचा बोल्ट जाम निघाला तर गाडी दारातच अडकते. ऑइल स्टीलच्या परातीत घेऊन दोन बोटांत चोळा. बोल्टच्या चुंबकावर राखेसारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. कपची किंवा दाताचा तुकडा निघाला तर गॅरेजचे म्हणणे खरे आहे. ऑइल दुधाळ दिसले तर नाल्याचे पाणी आत गेले आहे. अशा वेळी ब्रीदर (पेटीतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने बुजला आहे का ते पाहावे, कारण तो बुजला की आत दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते.

आता हिशेब. आपल्याच यादीप्रमाणे क्रॉस ३,६००, सील १,४००, ऑइल २,५०० आणि सॉकेट संच, टॉर्क पाना व स्टँड मिळून ५,५००, असे १३,००० रुपये होतात. एवढे मोकळ्या पैशांतून करा. त्यानंतरही १२,००० हाताशी राहतात. हायड्रॉलिक प्रेसचे १४,०००, पुलरचे ३,००० आणि ट्रान्समिशन जॅकचे ५,५०० पूर्ण वगळा. क्रॉस दाबून बसवण्याचे काम लेथवाला थोड्या मजुरीत करून देतो, आणि वर्षातून एकदाही न लागणारा प्रेस ओसरीत गंजत ठेवण्यात शहाणपण नाही. बेअरिंग संच व साखळीचे १३,५०० तूर्त थांबवा. ट्रान्स्फर केस सुटा करून ठेवला आणि एखादा भाग चुकीचा आला, तर मृगाचा पाऊस पडेल तेव्हा आपली गाडी उभी असेल, आणि खत वाहण्यासाठी भाड्याची गाडी लावावी लागेल.

पीक कर्जातून हा खर्च भागवण्याचे आपण विचारले आहे. ते करू नये. तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर सात टक्के व्याज असते, वेळेवर फेडल्यास केंद्राची तीन टक्के सवलत मिळते आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेला भारही उतरतो. गाडीपायी हप्ता चुकला तर ही सगळी सवलत हातची जाते. वाहन विम्यावरही भिस्त ठेवू नका, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात धरले जात नाहीत.

परातीत कपच्या निघाल्याच, तरी लगेच ६४,००० ला होकार देऊ नका. गाडीची नोंदणी खासगी असेल तर तिची पंधरा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील. पुढे फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि हरित कर असा खर्च आहे, आणि नूतनीकरण पाच-पाच वर्षांचेच होते. गाडी त्यानंतरही ठेवायची असेल तरच मोठी दुरुस्ती करा, आणि तीही कापसाचे पैसे आल्यावर. तोवर गाडी टू-व्हीलमध्ये, हलक्या भाराने आणि दर आठवड्याला ऑइल पाहून चालवा, आवाज वाढला तर उभी करा. गॅरेजकडून भागांची किंमत व मजुरी वेगवेगळी लिहिलेला अंदाज मागा आणि आपण बदललेले क्रॉस, सील व ऑइल त्यातून वजा करून घ्या. परातीत काय निघाले ते मला कळवा. नवा अंदाजही सोबत पाठवा, मी तो ओळ न् ओळ तपासून देईन.