सुईदोऱ्याविना डोळपट्टी

प्रश्न : माझा मुलगा जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात रात्रपाळी करतो आणि सकाळी आठच्या सुमारास घरी येऊन झोपतो. आमच्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत कूलर बसवलेला असल्याने उन्हाळ्यात तिला पडदा लावता येत नाही. तो तोंडावर पंचा ओढून घेतो, पण जीव गुदमरतो म्हणून घटकाभरातच बाजूला करतो. डोळ्यांवर बांधायची पट्टी घरीच करावी असे मनात आहे. मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही सुईत दोरा ओवणे मला जमत नाही. न शिवता अशी पट्टी करता येईल का?
– एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : ताई, नक्की करता येईल, आणि त्यासाठी लागणारे कापड बहुधा आपल्या घरातच असेल. उजेड डोळ्यांवर पडला की झोपेला साथ देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात कमी स्रवते, त्यामुळे दिवसा झोपणाऱ्याला अंधार मिळवून देण्याची आपली धडपड अगदी योग्य आहे.

मुलाचा जुना, सुती, काळा किंवा गडद निळा टी-शर्ट घ्या. विणीचे हे कापड कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून त्याची कड दुमडून शिवावी लागत नाही. शिवाय जुने कापड अनेकदा धुतलेले असल्यामुळे घामाने त्याचा रंग सहसा उतरत नाही. आतल्या थरासाठी जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे मऊ जुनेर घ्यावे.

वर्तमानपत्राची घडी घालून सुमारे 20 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद असा नमुना कापा. नाकासाठीची खाच मात्र एकदम खोल कापू नका. उजेड मुख्यतः नाकाच्या दोन्ही बाजूंनी आणि खालूनच शिरतो. मी पहिल्यांदा पट्टी केली तेव्हा खाच बोटभर जास्त कापली गेली आणि डोळे मिटले तरी खाली उजेडाची एक रेघ सतत जाणवत राहिली. म्हणून कागदच मुलाच्या चेहऱ्यावर धरून पाहावा, थोडे कापावे आणि पुन्हा धरून पाहावे. नमुना मनासारखा झाल्यावर टी-शर्टचे दोन तुकडे त्याच मापाचे कापा आणि जुनेराचे दोन तुकडे चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर लहान ठेवा, म्हणजे त्यांच्या सुटणाऱ्या कडा आतच झाकल्या जातील. चारही थर एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरा. उजेड झिरपत असेल तर जुनेराचा आणखी एक थर वाढवा.

चिकटवण्यासाठी लेस आणि टिकल्यांच्या दुकानात मिळणारा कापडाचाच गोंद घ्यावा. कागद-लाकडाचा पांढरा गोंद धुतल्यावर सुटतो. क्षणात चिकटणारा गोंद तर अजिबात वापरू नका, कारण सुती कापडाशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत गोंदाची बारीक रेघ ओढली की बाहेरची कड मऊ राहते आणि गालाला टोचत नाही. वर पोळपाट आणि त्यावर पिठाचा डबा ठेवून पट्टी दिवसभर तशीच दाबून ठेवा.

इलॅस्टिक विकत आणण्याची गरज नाही. टी-शर्टच्या घेरातून तीन सेंटिमीटर रुंदीची आडवी पट्टी कापून दोन्ही हातांनी ताणली की ती आपोआप वळून गोल नाडीसारखी होते. डोळपट्टीच्या दोन्ही टोकांना, कडेपासून दीड सेंटिमीटर आत, एकेक उभी चीर द्या; नाडीचे एक टोक एका चिरेत पक्के बांधा आणि दुसरे डोक्यामागून आणून दुसऱ्या चिरेत ओवा. ही दुसरी गाठ मुलाच्या डोक्यावर बसवूनच मारा. नाडी इतकीच ताणावी की पट्टी घसरणार नाही आणि डोळ्यांच्या बुबुळांवर दाबही येणार नाही. गाठ कानाच्या वर यावी; डोक्यामागे मधोमध आली तर उताणे झोपल्यावर ती रुतते. तो कुशीवर झोपत असेल, तर गाठ वरच्या बाजूला राहील असे पाहावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम फार येतो, म्हणून एकाच बैठकीत दोन पट्ट्या कराव्यात, म्हणजे एक धुतली तरी दुसरी हाताशी राहते. गोंद पुरता वाळल्यावरच, तीन-चार दिवसांनी, पहिली धुलाई हाताने साध्या पाण्यात करा; पिळू नका, तळहातांत दाबून पाणी काढा. घरात कोणाचे डोळे आले असतील, तर एकाची पट्टी दुसऱ्याला मुळीच देऊ नका.