घटकाभर म्हणजे किती?

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

परवा साताऱ्याच्या आजीशी बोलून झाल्यावर तू विचारलेस, "घटकाभर तरी बोलत जा गं, असं आजी म्हणते, ती घटका नेमकी किती मिनिटांची?" टोरांटोत वाढलेल्या माझ्या लेकीला हा प्रश्न पडावा याचा मला फार आनंद झाला, म्हणून फोनवर दोन शब्दांत न आटोपता सविस्तर लिहिते.

हिशेबाने घटका 24 मिनिटांची. अहोरात्रीच्या 60 घटका, एका घटकेची 60 पळे. दोन घटकांचा एक मुहूर्त आणि साडेसात घटकांचा एक प्रहर. दोन प्रहर उलटले की दुपार, हे त्या शब्दातच आहे.

घटिका म्हणजे मुळात लहानसा घट. माझ्या मावशीच्या लग्नात गुरुजींनी पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक पातळ वाटी अलगद सोडली होती. तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढे भोक होते आणि त्यातून पाणी इतके सावकाश आत चढत होते की, मी तिथेच उकिडवी बसून राहिले. वाटी काठोकाठ भरली, किंचित कलली आणि तळाशी गेली, तेव्हा एक घटका झाली. तेच घटिकापात्र. आपण "घटका भरली" म्हणतो, "संपली" म्हणत नाही, ते या वाटीमुळे. मात्र हा वाक्प्रयोग आजीशी बोलताना करू नकोस. एखाद्याची घटका भरली म्हणजे त्याचा अंतकाळ आला, असा त्याचा अर्थ होतो. "घटकेत हसते, घटकेत रडते" असे तुझ्या लहानपणी आजी तुझ्याविषयी म्हणायची, तिथे घटका म्हणजे जेमतेम क्षणभर.

आजीच्या "घटकाभर"मध्ये घड्याळ नसतेच. घाई न करता, निघायची भाषा न काढता थोडा वेळ बसावे, एवढेच तिचे मागणे असते, आणि माझ्या मते या शब्दाचा आज उरलेला सर्वांत सुंदर उपयोग हाच आहे.

ते घटिकापात्र आजीच्या माळ्यावरच्या पितळी डब्यात अजून आहे. सुट्टीत गेलीस की तिच्याकडून मागून घे, चिंचेने घासून लख्ख कर आणि भोक मोकळे आहे ना ते पाहून पाण्यात सोड. भरेपर्यंत आजीला शेजारी बसव.

तुझी,
आई