उड्यांच्या कोड्यांची सुरुवात कुठून करावी?

गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेममध्ये, त्यातल्या उड्या मारत शेवटच्या पेटीपर्यंत पोचायच्या कोड्यांत, नवीन आहेस ना, मग हॅलोविनच्या मॅड किंग्ज क्लॉक टॉवर या कोड्याकडे सध्या फिरकूही नकोस. खालून हिरवं धुकं चढत येतं, थांबायला वावच नाही. भले भले तिथे रडकुंडीला येतात. त्यापेक्षा मॉर्गन्स स्पायरल किंवा लायन्स आर्च शहरातलं ट्रोल्स एंड ही कोडी घे. माउंटचा (स्वारीच्या प्राण्याचा) भरवसा धरू नकोस, बऱ्याच कोड्यांत तो चालतच नाही.

खरी मारामारी कॅमेऱ्याशी असते. उडी पात्रांच्या सगळ्या वंशांची सारखीच, पण अरुंद गुहेत चार्र किंवा नॉर्न अशा थोराड वंशाचं पात्र घेऊन गेलास की पडद्यावर नुसती त्याची पाठ दिसते. म्हणून बुटक्या आसुरा वंशाचं पात्र बरं. सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर किती रुंद दृश्य दिसतं ते) पूर्ण वाढव. आणि शत्रू मागे लागला असेल तर उडी मारू नकोस: लढाईत वेग घटतो, उडी तोकडी पडते. आधी त्याला संपव, मग काठावर ये.

अडलास तर चॅटमध्ये विचार. एखादा मेस्मर (जादूगार पात्राचा खेळाडू) पोर्टल, म्हणजे जादूचं दार, टाकून वर ओढून घेतो. (काहींना ही लबाडी वाटते, मला नाही.) शेवटची पेटी मात्र उघडायला विसरू नकोस.