'नाही' म्हणायची नोकरी

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इंटर्नल ऑडिटमध्ये जायचंय. तुमच्या मते ते 'व्हाउचरवर टिका मारायचं काम'. त्यापेक्षा तिने फॉरेन्सिक अकाउंटिंग करून घोटाळेबाज पकडावेत, असं 'आम्ही घरात ठरवलंय'. या 'आम्ही'त ती आहे का? दहावीपासूनचे तिचे गुण विषयवार दिलेत, तिचं स्वतःचं वाक्य मात्र पत्रात एकही नाही.

आधी गैरसमजाचं बघू. फॉरेन्सिकवाले येतात तोवर बहुधा पैसे गेलेले असतात. ते जाऊ नयेत म्हणून लावलेली व्यवस्था म्हणजे इंटर्नल कंट्रोल, आणि ती कागदावरच आहे की खरोखर चालते, हे तपासतं ते इंटर्नल ऑडिट. मुख्य नियम असा, की व्यवहाराची दोन्ही टोकं एका हातात द्यायची नाहीत. पुरवठादाराची नोंद करणारा वेगळा, त्याचं बिल मंजूर करणारा वेगळा, बँकेचा हिशेब जुळवणारा तिसराच. ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन सौदेही करायचा आणि त्यांच्या सेटलमेंटवरही, म्हणजे सौद्यांची देणी-घेणी पुरी करून नोंदवण्यावरही, त्याचाच ताबा होता. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवला गेला. ही कामं वेगळी करा, असं बँकेच्याच इंटर्नल ऑडिटने १९९४ मध्ये लिहून दिलं होतं. ते कुणी अमलात आणलं नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये १७६२ सालची ती बँक बुडाली. टिका मारणाऱ्यांनीच धोका आधी सांगितला होता.

अर्थात वरचा माणूसच नियम वाकवायला बसला, तर नुसती व्यवस्था पुरत नाही. वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीत रोजचे खर्च भांडवली म्हणून, म्हणजे मालमत्तेत घातल्यासारखे, दाखवून नफा फुगवला जात होता. वित्तप्रमुखाने इंटर्नल ऑडिटच्या प्रमुख सिंथिया कूपर यांना तपासणी पुढे ढकलायला सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरची लबाडी बाहेर आली.

या क्षेत्रात खरी कसोटी हीच असते: साहेबासमोर बसून 'नाही' म्हणता येतं का? फॉरेन्सिकमध्येही तेच लागतं. आणि तुम्ही तिला घरात नेमकी मान डोलावायची सवय लावताय.

सीए, सीआयए (इंटर्नल ऑडिटरची पात्रता), सीएफई (घोटाळे तपासणाऱ्यांची पात्रता) हे रस्ते आहेतच, आणि ऑडिटमधून पुढे फॉरेन्सिककडे वळताही येतं. त्यातलं काहीही मी आज तुम्हाला सुचवणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते तुम्ही वाचू नका.