तोंडी सगळं येतं, मग वही कोरी का?

"मॅडम, अफझलखानाची गोष्ट तो अशी सांगते का ऐकतच राहावं. अन् पेपरात तीन ओळी लिहून बसून राहते. मुद्दामून करून राहिला का?" नागपुरातल्या मानेवाड्याहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा चौथीत, मराठी माध्यमात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र बहुतेक पालक याच शब्दांत विचारतात.

उत्तर आधीच सांगते: मुद्दाम नाही. तोंडी आणि लेखी यांत एवढी तफावत असेल, तर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी मूल नेमकं कुठे अडतंय ते शोधायला हवं. डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. या मुलाचे दोन्ही ठीक निघाले.

मग वह्या पाहिल्या. 'पिशवी'चं 'पशवी', 'प्रतापगड'चं 'पतापगड' आणि रविवारच्या निबंधात 'बर्डी'चं (म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीचं) 'बडी'. या चुका वाटेल तशा झालेल्या नव्हत्या. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर, पण बसते अक्षराच्या आधी. 'बर्डी'त र आधी ऐकू येतो, पण रफार चढतो 'डी'च्या डोक्यावर. 'प्र'मधला र तर एका तिरक्या रेघेत लपलेला. आवाजाचा क्रम आणि खुणेची जागा जुळत नाही, तिथेच पोरगं अडत होतं.

घरी उपाय चालू होता तो चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. ट्यूशनमध्येही तेच. यात हात दुखतो, बाकी काही होत नाही. मूल पहिला शब्द पाहून पुढचे नऊ चित्रासारखे उतरवतं. आवाज आणि अक्षर यांची गाठ पडतच नाही. पहिलाच चुकला तर चूकच दहादा पक्की होते. हे आधी थांबवलं.

त्याऐवजी रोज पंधरा मिनिटं, शक्यतो खेळून आल्यावर, जेवणाआधी. थाळीत रव्याचा पातळ थर. शब्द आधी टाळ्या वाजवत तोडायचा: म-हा-रा-ज-बा-ग. प्रत्येक टाळीला आवाज मोठ्याने म्हणत बोटाने अक्षर काढायचं, मग तोच शब्द वहीत एकदाच. पहिल्या वेलांटीसाठी एक युक्ती चालली: डावीकडे बोटभर जागा सोडून आधी अक्षर लिहायचं आणि आवाज म्हणत वेलांटी नंतर जोडायची. एका वेळी एकच खूण. आधी काना, मग मात्रा, मग दुसरी वेलांटी. पहिली त्यानंतर, रफार आणि जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी.

इथे एक गडबड झाली. दुसरी वेलांटी जमायला लागली म्हणून आईने दुसऱ्याच दिवशी पहिली घेतली, आणि दोन्हींची सरमिसळ झाली. घाई होणारच, परीक्षा तोंडावर होती. तेव्हापासून नियम ठरला: न सांगता श्रुतलेखनाला घातलेल्या दहा शब्दांपैकी नऊ बरोबर, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी, तरच पुढची खूण. परीक्षेच्या आठवड्यात जुन्या चुका परत डोकावतात. तेव्हा नवीन काही घेऊ नये.

पण वेलांट्या जमेपर्यंत इतिहास, गणित थांबवायचं नाही, आणि हेच सगळ्यांत जास्त राहून जातं. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. धडा घरातल्या मोठ्या माणसांनी वाचायचा, मुलाने बोट फिरवत सोबत राहायचं. शाब्दिक उदाहरणही वाचून दाखवायचं, कारण तिथे तपासायचं असतं ते गणित, वाचन नव्हे.

वर्गशिक्षिकेशी बोलायला आई-बाबा दोघंही गेले. "सूट द्या" एवढंच म्हटलं की शाळा बिचकते, म्हणून चारच नेमक्या मागण्या लिहून नेल्या: वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं उतरवून झालं नाही तर सोबत्याची वही मिळावी, इतिहासात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, घटक चाचणीत दोन प्रश्न तोंडी घ्यावेत. बाईंनी पहिल्या तीन लगेच मान्य केल्या. चौथीसाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागली.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचं नाव काढल्यावर बाबा गप्प झाले. पोरावर शिक्का बसेल, ही भीती खरी असते. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं) स्पष्टपणे धरली आहे, आणि लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) किंवा वाढीव वेळ हवा असेल तर हाच कागद कामी येतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान 20 मिनिटं जास्त देण्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. आधी बालरोगतज्ज्ञांची तपासणी, मग बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, आणि पुढे 14 व 18 व्या वर्षी फेरतपासणी. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करण्यापेक्षा चौथी-पाचवीतच तपासणी करून घ्यावी. जाताना मुलाच्या जुन्या वह्या, उत्तरपत्रिका आणि वर्गशिक्षिकेचं पत्र सोबत न्यावं. वह्या नीटनेटक्या करून नेऊ नका. खाडाखोड झालेली पानंच तज्ज्ञांना पाहायची असतात.