ब्रेक डिस्क बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) बदलताना डिस्क नुसती डोळ्यांनी बघून 'चालेल' म्हणू नका, मोजा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच भागावर किमान जाडी कोरलेली असते. गंजाखाली दडली असेल तर तारेच्या ब्रशने घासा, आकडा दिसेल. मोजायला मायक्रोमीटरच (स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं साधन) घ्या. व्हर्नियरचे (सरकत्या मापपट्टीचे) जबडे बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी खोटीच जास्त दाखवतात. कडेपासून साधारण १० मिलीमीटर आत, गोलाकार सहा-आठ ठिकाणी मोजा. सर्वांत कमी आकडा तोच खरा. तो कोरलेल्या किमान मर्यादेच्या जेमतेम वर असला तरी नवे पॅड टाकण्याआधी डिस्क बदला, कारण पॅड संपेपर्यंत ती मर्यादेखाली जाणार.

कडेपर्यंत गेलेली चीर दिसली तर जाडी कितीही असो, डिस्क बाद.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं तेव्हा मात्र घाई नको. बऱ्याचदा हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो मधला भाग) आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा अडकून डिस्क तिरकी बसलेली असते. आधी हब साफ करा. डिस्कवर पावसानंतर दिसणाऱ्या तांबूस थरानेही घाबरू नका, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. बदलाल तेव्हा एकाच ॲक्सलच्या (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही डिस्क, नव्या पॅडसकट बदला. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसायला विसरू नका.