नेमणुकीचं पत्र आधी तिच्या हातात द्या

मानेवाड्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी २४ वर्षांची, सिव्हिल इंजिनिअर. सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाली, नेमणूक भंडारा जिल्ह्यात मिळाली. वडील लिहितात : "तिला केंद्राच्या वाहतूक खात्यात अधिकारी करायचं आम्ही ठरवलं आहे. सगळे हुकूम दिल्लीहून निघतात, खालच्या पोस्टला कसले अधिकार? रस्त्यांचं खातं आपल्या नागपूरच्याच मंत्र्यांकडे आहे, ओळखीतून काही जमत असेल तर सांगा. रुजू व्हायची मुदत २० तारखेपर्यंत आहे, पण पत्र मी कपाटात ठेवलं आहे. हल्ली ती घरात कोणाशी बोलत नाही."

भाऊसाहेब, तुमची शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. पत्र कपाटात आहे आणि मुलगी बोलत नाही. तुम्ही ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिलीत, तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध तुमच्या लक्षात आला नाही, याचीच मला काळजी वाटते. अभ्यास तिनं केला, परीक्षा तिनं दिली, निवड यादीत नाव तिचं लागलं आणि कपाटाची किल्ली मात्र तुमच्या खिशात. दीड पानाच्या पत्रात "आम्ही ठरवलं" आहे, "आमची इच्छा" आहे. तिला काय हवं, यावर एक ओळ नाही. तुम्ही तिला विचारलंत का? माझ्याकडे नापास झालेली मुलं येतात, तशी पास होऊन घरानं अडवलेलीही येतात. नापास झालेलं पोर चार महिन्यांनी पुन्हा पुस्तक उघडतं. अडवलेलं पोर पुस्तक उघडून नुसतं बसून राहतं. तिची झोप, जेवण बिघडलं असेल तर करिअरचा विषय बाजूला ठेवा आणि तिला आधी डॉक्टरांकडे न्या.

आता तुमच्या समजुतीबद्दल. केंद्रात "वाहतूक खातं" या नावाचं एकच घर नाही. रेल्वेला वेगळं मंत्रालय, विमानांना वेगळं, बंदरं आणि जलमार्गांना वेगळं, रस्ते आणि महामार्गांना वेगळं. तुमच्याच शहरात बघा : नागपुरात रेल्वेचे दोन विभागीय व्यवस्थापक बसतात, एकाचं मुख्यालय मुंबई, दुसऱ्याचं बिलासपूर. मेट्रो केंद्र आणि राज्याच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी आहे, रेल्वे मंत्रालयाची नव्हे. समृद्धी राज्याच्या महामंडळानं बांधला. आरटीओ जो कायदा चालवतो तो १९८८चा मोटार वाहन कायदा केंद्राचा, पण लायसन्स देणारा अधिकारी राज्य सरकारचा. रस्ते मंत्रालय स्वतः धोरण ठरवतं, मंजुरी आणि पैसा देतं. प्रत्यक्ष महामार्ग कोण बांधतं? काही ठिकाणी १९८८च्या कायद्यानं स्थापन झालेलं महामार्ग प्राधिकरण. त्याचं प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे आणि एकेका पट्ट्याची जबाबदारी प्रकल्प संचालकाकडे असते. काही ठिकाणी मात्र हे काम राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभागच करतो. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याचं पाचवं कलम केंद्राला आपलं काम राज्याकडे सोपवण्याची मुभा देतं. ज्या विभागाला तुम्ही खालचा म्हणता, त्यातला राष्ट्रीय महामार्ग विभाग केंद्राच्याच रस्त्यांवर राबतो. महामार्गासाठी शेत घ्यायचं असलं, तर मोबदला ठरवणारा सक्षम अधिकारी बहुतेक वेळा इथलाच उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी असतो. केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावानं होतो, पण खाली सही करतो तो अधिकार मिळालेला अभियंता किंवा अधिकारी.

"कसले अधिकार?" असं विचारलंत म्हणून सांगतो. बांधकाम विभागातल्या कितीतरी कामांचं बिल मोजमाप पुस्तिकेतून सुरू होतं. मुरूम किती पडला, डांबराचा थर किती जाड आहे, हे साइटवर उभं राहून कनिष्ठ अभियंता लिहितो. उपअभियंता ते तपासतो, कार्यकारी अभियंता बिल मंजूर करतो. पुस्तिकेत नोंदच नसेल तर बिल पुढं सरकत नाही. चोवीस वर्षांच्या मुलीला पहिल्याच नोकरीत सरकारी पैशाचं एवढं दायित्व मिळतंय. वरच्या खुर्चीत गेली तरी तिला हाच हिशेब कामी येणार आहे. टेंडरच्या फायलीत आकडा कुठं फुगवलाय हे ओळखायला आधी साइटची धूळ खाल्लेली असावी लागते.

ओळखीचा मार्ग मी सांगणार नाही, कारण तो नाही. मंत्रालयाच्या अभियंता सेवेत यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतून जातात. मंत्री नागपूरचे असोत की कुठले. "ओळखीनं लावून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका. त्या परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३० वर्षं आहे. कार्यालयाला लेखी कळवून ती नोकरीत राहूनही देता येते. तेही तिला द्यायची असेल तर.

भंडारा नागपूरहून साठेक किलोमीटर. मुलगी एकटी कुठं राहील ही काळजी मी समजू शकतो. तिच्यासोबत जा, खोली बघून द्या, पहिल्या महिन्याचं सामान पोचवून या. हे वडिलांचं काम आहे.

आज संध्याकाळी कपाट उघडा. पत्र तिला द्या आणि काहीही न बोलता तिच्याजवळ बसा. तिला लगेच जायचं असेल तर कागदपत्रं काढा. थोडा वेळ हवा असेल तर २० तारखेच्या आत मुदतवाढीचा अर्ज करावा लागेल. तो तिनंच लिहायचा असतो, त्यावर तुमची सही चालत नाही.